डनेज

पुंडलिकनानांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. मजुरी त्यांनी कधी बुडवली नाही, आठवड्याच्या आठवड्याला दिली, तो आरोप मी करणार नाही. त्यांनी माझी भरण, म्हणजे वॅगन भरायची माझी रीत, घेतली आणि स्वतःच्या नावावर चढवली. चढवताना मला एक इंग्रजी शब्द चिकटवला. तो शब्द काढायला मला दहा वर्षं लागली, आणि अजून पुरता निघालेला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मेची सुरुवात, सकाळचे अकरा. भुसावळच्या पुढच्या एका लहान स्टेशनाची मालाची साईडिंग. मी वॅगनमध्ये अनवाणी उभा, हातात केळीच्या सुक्या पानांचा भारा. खाली नाना, सफारी घातलेले. ते केळी पाठवणाऱ्या बागायतदारांच्या मंडळाचे सेक्रेटरी. त्यांच्याबरोबर रेल्वेचा एक मोठा साहेब, दिल्लीहून आलेले दोन आडते, मालधक्क्याचा क्लार्क आणि मंडळाचे चार-पाच सभासद.

साहेब का आला होता? कारण त्या उन्हाळ्यात आमच्या साईडिंगच्या वॅगन दिल्लीला हिरव्या पोचत होत्या. बाकी सगळीकडचा माल वाटेतच उकडून काळा पडत होता. साहेबाला बघायचं होतं, हे कसं जमतं.

जमवलं मी. कसं, तेही सांगतो, लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. घड ठेवण्याआधी वॅगनच्या तळाला पानांचा थर घालतात. सगळेच घालतात. बाकीचे ओली-सुकी, हाताला येईल तशी टाकायचे. मी तीन दिवस वाळवलेली पानंच घ्यायचो आणि सगळ्या पानांच्या मधल्या जाड शिरा वॅगनच्या लांबीला ठेवायचो, एकाशेजारी एक. मग दोन शिरांच्या मध्ये पन्हळ तयार होते. दारातून आलेली हवा त्या पन्हळीतून दोन्ही टोकांपर्यंत जाते. घड उकडत नाहीत.

हे मला मायनं शिकवलं. उन्हाळ्यात ताप आलेल्या माणसाला ती पानांवर निजवायची. "शिरा एका अंगानं घाल," म्हणायची, "पाठीखालून वारा गेला पाह्यजे." माय यावलच्या बाजूच्या बागांत आयुष्यभर रोजानं राबली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही.

नाना साहेबाला सांगत होते, "ही आपण एक पद्धत बसवली आहे, सर. बरेच प्रयोग केले." मी वरून ऐकत होतो. मनात म्हटलं, बोलू दे, मोठा माणूस आहे, शेवटी आपलं नाव घेईलच.

साहेबानं माझ्याकडे बोट केलं. इंग्रजीत काहीतरी विचारलं. हा कोण, असंच असणार.

नाना म्हणाले, "हा? ही इज डनेज, सर."

साहेब हसला. आडते हसले, क्लार्क हसला, सभासद हसले. त्यातल्या निम्म्यांना शब्द कळला नसेल, साहेब हसला म्हणून हसले.

आणि मीही हसलो.

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा फार उशिरा सांगितली. सगळे हसतायत म्हटल्यावर माझं तोंड आपोआप फाकलं. दात दाखवले मी. कशावर हसतोय ते माहीत नव्हतं.

मग नाना म्हणाले, "उतर खाली. साहेबांना वर यायचंय." मी उतरलो. पायरी नव्हती. पानांचा भारा खाली टाकला, तो हलू नये म्हणून वाकून धरून बसलो. साहेब भाऱ्यावर चढला आणि आधाराला त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. कठड्यावर ठेवतात तसा. वर जाऊन तो बूट घालून पानांवर फिरला. नाना चपलेनं फिरले. आमच्यात कुणी पानांवर पायताण घेऊन जात नाही. वाळूचा एक खडा घडाला लागला की तिथून डाग पसरतो. मी खाली भारा धरूनच बसलो.

त्यांनी फूटपट्टीनं थर मोजला. सहा इंच. लिहून घेतला. घडांच्या रांगा मोजल्या, लिहून घेतल्या. भिंतीपासून अंतर मोजलं, लिहून घेतलं. फोटो काढला.

संध्याकाळी मालधक्क्यावर क्लार्कला गाठलं. म्हटलं, "बाबूजी, डनेज म्हणजे काय हो?"

तो पावत्या लावत होता. मान वर न करता म्हणाला, "पालापाचोळा, गवत, चटया. मालाखाली घालतात ते. त्याचं वजन धरत नाहीत, भाडं लागत नाही. पोचलं की फेकून देतात."

"माणसाला म्हणतात का?"

तेव्हा त्यानं वर पाहिलं. म्हणाला, "मनावर नको घेऊ रे. गंमत केली नानांनी."

एका फाटक्या पावतीच्या मागे त्याच्याकडून इंग्रजी अक्षरं लिहून घेतली. सात अक्षरं. कागद खिशात ठेवला.

पंधरा दिवसांत मंडळाचं पत्रक छापून आलं. वॅगन भरण्याची सुधारित पद्धत, असं वर. खाली सगळी मापं. त्याखाली नानांचं नाव. शेजारी फोटो, त्यात नाना, साहेब, आणि कडेला भारा धरलेला एक हात, कोपरापर्यंत. तो माझा.

आठवड्यानं नानांनी मला बोलावलं. म्हणाले, "आता पद्धत कागदावर आली. कोणीही भरू शकतो. माझ्या भाच्याची टोळी लावतोय. तुला कधी लागलं तर सांगू."

आम्ही सहा जण होतो टोळीत. मी, माझा मेहुणा शांताराम, म्हणजे बहिणीचा नवरा, आणि वाड्यातले चौघं. सहा घरांचं काम एका वाक्यात गेलं. मी तेव्हाही काही बोललो नाही. बोलायला शब्द लागतो, आणि माझ्याकडे एकच होता, तोही दुसऱ्याचा.

चैन पडेना. कामाच्या शोधात जळगावला गेलो, तर पाय वाचनालयात गेले. तिथल्या माणसानं मला वरून खाली पाहिलं.

"काय पाहिजे?"

"इंग्रजीचा मोठा शब्दकोश. एक शब्द बघायचाय."

"कितवी शिकलास?"

"सातवी."

"मग शब्दकोश काय करणार?"

माझं डोकं तापलं. पण तापलेल्या डोक्यानंही भाव करता येतो, ते मला लहानपणापासून जमतं. म्हटलं, "साहेब, एक तर मला बघू द्या, मी दुपारपर्यंत बसेन, अक्षर अक्षर लावेन. नाहीतर तुम्ही वाचून दाखवा, दोन मिनिटांत जाईन. तुम्हाला स्वस्त पडेल ते करा."

शेजारी पेपर वाचणारे एक म्हातारे गृहस्थ खो खो हसले. "अहो, द्या की वाचून! ऐकत नाही हा."

वाचनालयाच्या माणसानं माझा कागद घेतला आणि जाडजूड पुस्तक काढलं. पानं उलटत गेला, शब्द सापडला. वाचला. मग त्याचं त्यालाच नवल वाटलं. "अरे, आहे की. मी पण ऐकला नव्हता हा." मराठीत सांगितलं. एक अर्थ क्लार्कनं सांगितला तोच, जहाजात मालाला इजा होऊ नये म्हणून खाली-मध्ये भरतात ते. दुसरा अर्थ, खलाशाचं स्वतःचं सामान. त्याचं गाठोडं. तो ज्या जहाजावर जाईल तिथे बरोबर नेतो ते.

"म्हणजे त्याच्या मालकीचं?" मी विचारलं.

"मालकीचंच. जहाज मालकाचं, माल व्यापाऱ्याचा. गाठोडं तेवढं त्याचं."

मी पुन्हा विचारलं, "फेकून देतात, असं लिहिलंय का त्यात?"

त्यानं पुन्हा वाचलं. "नाही. फेकायचं काही नाही लिहिलं."

मग क्लार्कनं कुठून आणलं? मी बसस्टँडपर्यंत हाच विचार करत गेलो. पुस्तकात लिहिलं होतं, इजा होऊ नये म्हणून. क्लार्कनं सांगितलं, वजन धरत नाहीत आणि फेकून देतात. एकाच वस्तूबद्दल दोन माणसं बोलत होती. एकानं ती काय करते ते सांगितलं. दुसऱ्यानं, तिला कसं वागवतात ते सांगितलं. आणि नानांना कोणतं म्हणायचं होतं ते मला नीट माहीत होतं.

त्याच महिन्यात धुळ्याला बायकोच्या नात्यात लग्न निघालं. बायकोचे मामा तिथे धान्याच्या गोदामात हमाल. त्यांना घ्यायला संध्याकाळी गोदामावर गेलो. बंद करायची वेळ. आतून गोदामाचा बाबू ओरडला, "मामा, डनेज मोजलं का?"

मी जागच्या जागी थांबलो.

मामा भिंतीकडे गेले. तिथे लाकडी पट्ट्यांची घोडी रचलेली होती, हातभर रुंद. मामांनी एकेकावर हात ठेवत मोजली. एकाची पट्टी सुटलेली, ती बाजूला काढून ठेवली, सकाळी सुताराकडे द्यायला. मग बाबूनं वहीत आकडा लिहिला आणि कुलूप लावलं.

"मामा, हे काय?"

"हाई डनेज शे, पाव्हना. पोत्यासना थप्पीखाले घालतस."

"याला कुलूप कशाला? लाकडंच तर आहेत."

मामांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "लाकडंच! हाई नही राह्यनं ते खालनी रांग पहिले सडी. मंग तिन्यावरनी. मंग बठ्ठं धान. पोतं गयं ते दुसरं यी. हाई गयं ते गोदाम गयं."

लग्नात मी जेवलो की नाही, आठवत नाही. तोच शब्द. रेल्वेच्या धक्क्यावर तो कचरा. पुस्तकात गाठोडं. इथे रोज संध्याकाळी मोजतात, मोडलं तर दुरुस्त करतात, कुलपात ठेवतात. मामांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्या शब्दाचा खरा अर्थ नानांपेक्षा त्यांना जास्त माहीत होता. त्यांनी त्याच्यावर रोज हात ठेवला होता.

परत आलो ते डोक्यात एक ठरवून, की आता मी हसणार नाही.

जूनच्या तोंडाला बातमी आली. भाच्याच्या टोळीनं भरलेल्या वॅगन दिल्लीत काळ्या पोचल्या. एक नाही, सगळ्या. पत्रकाप्रमाणे भरलेल्या. थर सहा इंच, रांगा बरोबर, भिंतीपासूनचं अंतर बरोबर. फक्त शिरांचं कुणी लिहिलंच नव्हतं. पानं आडवी, उभी, तिरकी, पन्हळ कुठेच नाही. मी काही लपवलं नव्हतं. साहेबासमोर, नानांसमोर, फोटोवाल्यासमोर शिरा लांबीलाच घातलेल्या होत्या. पण ते त्यांच्यावरून चालले ते बुटानं आणि चपलेनं. शीर तळपायाला कळते. बुटाला कळत नाही.

मला तेव्हा आनंद झाला, हे खरं सांगतो. त्या वॅगनींमध्ये लहान शेतकऱ्यांचाही माल होता, थोडा तर आमच्याच वाड्यातल्यांनी बटाईनं केलेल्या बागांचा. पत्रकात काय राहिलंय ते छापून आलं त्या दिवशीच मला दिसलं होतं. सांगायला गेलो नाही. तेवढं माझ्या अंगावर आहे, ते मी नाकारत नाही.

चौथ्या दिवशी नाना आमच्या बुद्धवाड्यात आले. पहिल्यांदा. गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत आले. दारात उभे राहिले.

बायको म्हणाली, "बसा की नाना. गोधडी कालच धुतलीय."

नाना म्हणाले, "नको नको, घाईत आहे." पण कान लाल झाले.

मला म्हणाले, "झालं गेलं सोडून दे. सोमवारपासून वॅगन तूच भर."

"भरतो. पत्रक नवीन छापा. त्यात लिहा ही भरण कुणाची ते."

"कुणाची म्हणजे?"

"माझी. माझ्या मायची लिहिलं तर अजून बरं."

नाना हसले. "अरे, भरणीला कुठे नाव असतं? पानं झाडाची, डबा रेल्वेचा, केळी शेतकऱ्याची. तुझं काय त्यात?"

"मग तुमचं काय होतं? तुमचं नाव कसं छापलं?"

 नाना धंद्याच्या आवाजात म्हणाले, "दर सांग. दीडपट देतो."

मी नकाराची मान हलवली.

"बरं, दुप्पट. सहाही जणांना."

मी आयुष्यभर भाव केले. आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडलोय. दुप्पट दर ऐकून हात आपोआप पुढे येतो, माझाही आला असता. मागे शांताराम उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू आला. मी हात पाठीमागे बांधले.

"नाना, दर जुनाच द्या. नाव घाला. आणि साहेबाला बोलवून त्याच्यासमोर तो शब्द परत घ्या."

"कोणता शब्द?"

त्यांना आठवत नव्हता. खरंच आठवत नव्हता, नाटक नव्हतं ते. मी महिनाभर खिशात घेऊन फिरलो, जळगाव केलं, धुळं केलं, आणि ज्यानं टाकला त्याच्या तो ध्यानातही नव्हता. त्या क्षणी मला कळलं, अपमान करणाऱ्याचं त्यात काहीच खर्च होत नाही.

"डनेज," मी म्हटलं.

"हां, ते!" पुन्हा हसले. "अरे वेड्या, गंमत होती. आणि त्याचा अर्थ तरी माहीत आहे का तुला?"

"तीन माहीत आहेत. तुम्हाला कोणता म्हणायचा होता तेवढं सांगा."

मी तिन्ही सांगितले. क्लार्कचा, पुस्तकातला, मामांचा. वाड्यातली माणसं गोळा झाली होती. नानांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "तू फार शिकायला लागलास," म्हणाले.

"नाना, मी भरणार नाही."

तेवढंच बोललो. आवाज चढला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. माझा स्वभाव तसा नाही.

यापुढचं गोड नाही. दोन दिवसांनी शांताराम नानांकडे गेला. त्याला शिरांचं माहीत होतं. त्यानं दाखवलं. पुढच्या वॅगन हिरव्या पोचल्या आणि नानांना माझी गरज उरली नाही. पत्रक दुसऱ्यांदा छापलं, त्यात शिरांची ओळ आली. नाव नानांचंच. शांतारामाला मी दोष देत नाही. त्याच्या घरात चार तोंडं होती. पण बहिणीच्या घरी राखीला मी सात वर्षं गेलो नाही, आणि तेही नानांच्या खात्यावर लिहा.

मी बायकोला घेऊन पाचोऱ्याला गेलो. कापसाच्या गाठी चढवल्या. मग ट्रक भरले, मग एक जुना ट्रक घेतला, भांडून, मालकाला रडकुंडीला आणून. नव्वदनंतर केळी रेल्वेवरून ट्रकवर आली आणि माझ्या धंद्याला पाय फुटले. आता भुसावळला माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. लोक म्हणतात, हा माणूस फार तापट, भावात एक पैसा सोडत नाही. म्हणू देत. माझ्या ट्रकमध्ये पानं घालणाऱ्या माणसाचं नाव बिल्टीवर, मालाबरोबर जाणाऱ्या पावतीवर, असतं, मालकाच्या नावाच्या वर. आडते हसतात. मी हसत नाही.

मग मागच्या महिन्यात मंडळाचे दोन सभासद ऑफिसात आले. त्यातला एक त्या दिवशी साईडिंगवर होता, मी ओळखला, त्यानं मला नाही. नानांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत. सत्कार आहे. गौरव अंक काढतायत. त्यांच्या 'नाना भरण' पद्धतीवर त्यात खास लेख आहे. तुम्हीही जुने, केळीतले, अर्धं पान आठवण लिहा.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काहीही. नानांबद्दल दोन चांगले शब्द."

माझ्याकडे नानांनी दिलेला एकच शब्द आहे. तो मी लिहून पाठवला, वर जे लिहिलंय त्याच्यासकट. आठ दिवसांत कागद परत आले. सोबत चिठ्ठी, मजकूर प्रसंगाला साजेसा नाही.

म्हणून इथे छापायला दिलं.

नाना, तुम्ही आता थकलात, काठीनं चालता, हे मला माहीत आहे. त्यामुळे मी थांबेन असं समजू नका. माझी माय त्याहून थकून गेली. सत्काराला मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसेन. पायताण बाहेर काढून येईन, कारण व्यासपीठाखाली सजावटीला केळीचीच पानं घालणार आहेत असं ऐकलं. तुम्ही भाषणाला उभे राहाल तेव्हा मीही उभा राहीन आणि विचारीन, ती भरण कुणाची? मला डनेज म्हणालात ते तिन्हींपैकी कोणत्या अर्थानं? शाल अंगावर असताना सांगा, माईकवर सांगा. जे त्या दिवशी हसले, त्यातले पाच अजून जिवंत आहेत, तेही तिथेच असतील. त्यांनीही सांगावं, कशाला हसलो.

सहावा हसणारा मी होतो. माझ्या हसण्याचा जाब मी इथे दिला. आता तुमचा द्या.